चार घासांसाठी चार तास

घरी एक्लेअर करायला घेतलं की अख्खी दुपार त्यातच जाते. आधी दूध, साखर, कॉर्नफ्लोअर आणि अंड्यांचे पिवळे बलक एकत्र शिजवून घट्ट क्रीम करायचं आणि गार व्हायला ठेवायचं. मग पाण्यात लोणी उकळायचं, त्यात मैदा घालून घोटायचा, निववायचा, एकेक अंडं त्यात जिरवायचं. पायपिंग बॅगेत भरून बटरपेपरवर बोटभर लांबीच्या कांड्या घालायच्या, भाजायच्या, वाळवायच्या, तळाशी भोकं पाडून क्रीम भरायचं आणि वर चॉकलेटचा थर द्यायचा. एवढं झाल्यावर बारा-पंधरा नग हाती येतात. एकेक नग म्हणजे जेमतेम चार घास.

पहिल्यांदा शिकताना तर तेही हाती येत नाहीत. ओव्हनचं दार लवकर उघडलं, तर टम्म फुगलेल्या कांड्या डोळ्यांदेखत बसतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतं की, मग हा खटाटोप कशाला?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वेळेचा आणि पैशाचा हिशोब असतो. पण हा प्रश्न दिसतो त्याहून बराच जुना आहे, आणि त्याचं एक अतिशय कडक उत्तर धर्मशास्त्रात दिलेलं आहे.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिल्या ग्रेगरीनं बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावर विस्तृत भाष्य लिहिलं. त्यात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वेळ होण्याआधी खाणं, उंची पदार्थ खाणं, प्रमाणाबाहेर खाणं, अधाशासारखं खाणं, आणि पाचवा प्रकार म्हणजे फार निगुतीनं रांधलेलं खाणं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात हीच यादी घेऊन तिची चर्चा केली, आणि तेव्हापासून ती कॅथलिक नीतिविचारात पक्की बसली.

मराठी वाचक या पाचव्या कलमापाशी अडखळेल. ‘निगुतीनं करते’ ही आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईची सगळ्यांत मोठी वाहवा आहे. पुरणपोळी कडेपर्यंत भरलेली असणं, चकलीला काटा येणं, अनारशाला जाळी पडणं, हे सगळं निगुतीचं फळ. तीच निगुती पापांच्या यादीत? ग्रेगरीनं दिलेला दाखला पाहिला की त्याच्या म्हणण्याचा रोख कळतो. बायबलमध्ये एली नावाच्या याजकाचे मुलगे आहेत. लोक देवाला अर्पण करायला मांस आणायचे, त्यातलं शिजलेलं मांस याजकाच्या वाट्याला यायचं. या मुलांना ते नको असायचं. कच्चंच द्या, आम्हाला भाजून हवंय, असं म्हणून ते लोकांकडून दांडगाईनं घ्यायचे. म्हणजे पदार्थ चांगला करण्याचा हट्ट देवाच्या आणि दुसऱ्याच्या वाट्यावर चढला, तिथे ग्रेगरीला पाप दिसलं.

त्याच यादीतला, बायबलमधल्याच एसावचा दाखला आणखी बोलका आहे. शिकारीहून दमून आलेल्या एसावनं धाकट्या भावाच्या हातची मसुरीची आमटी पाहिली आणि वाटीभर आमटीसाठी थोरलेपणाचा हक्क विकून टाकला. त्या आमटीत तूप नव्हतं, साखर नव्हती, अंडं नव्हतं. रोजच्या जेवणातली साधी मसूर होती ती. तरीही खादाडपणाच्या इतिहासातलं ते ठळक उदाहरण ठरलं. ग्रेगरी आणि त्याच्या दोनशे वर्षं आधी होऊन गेलेला संत ऑगस्टीन, दोघंही या दाखल्यावरून एकच गोष्ट सांगतात: दोष पदार्थात नसतो, खाणाऱ्याच्या ओढीत असतो. या न्यायानं क्रीमनं भरलेलं एक्लेअर निर्दोष सुटू शकतं आणि ताटातला वरणभात दोषी ठरू शकतो.

ऑगस्टीनला मात्र या सुटकेनं समाधान मिळालं नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या प्रकरणात तो स्वतःची झाडाझडती घेतो. अन्न औषधासारखं घ्यावं हे त्याला पटलेलं आहे, पण भुकेकडून तृप्तीकडे जाताना वाटेत सुखाचा सापळा असतो आणि ती वाट टाळता येत नाही, हे त्याला छळतं. शरीराची गरज कुठे संपली आणि जिभेची मागणी कुठे सुरू झाली, हे त्याला नीट ओळखता येत नाही. हा फार प्रामाणिक माणसाचा त्रास आहे.

साधारण दीड हजार वर्षांनी, १९३० मध्ये, पुण्याच्या येरवडा तुरुंगातून महात्मा गांधी दर मंगळवारी साबरमती आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत होते. ‘मंगल प्रभात’ या नावानं ती पत्रं पुढे पुस्तकात आली. त्यात ‘अस्वाद’ हे एक व्रत आहे, आणि तिथेही तीच औषधाची उपमा येते. औषध चवीसाठी कुणी घेत नाही, मापानं घेतो. अन्नही तसंच घ्यावं. नुसत्या चवीसाठी चिमूटभर मीठ जास्त घालणं हाही गांधींच्या लेखी व्रतभंगच. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा बिशप ऑगस्टीन आणि येरवड्याचा कैदी एकाच उपमेपाशी पोहोचावेत, यावरून या विचाराची मुळं किती खोल आहेत ते कळतं. त्याला जुनाट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. साखर आणि मैद्याच्या अतिरेकानं आजारी पडलेल्या आजच्या घरांना तर अस्वादाचा अर्थ डॉक्टरच समजावून सांगत असतात.

तरीही या सगळ्या थोर माणसांच्या विचारात एक जागा मोकळी राहिली आहे. ग्रेगरीचे पाचही प्रकार खाणाऱ्याचे आहेत. कधी खाल्लं, काय खाल्लं, किती, कसं आणि कशा प्रकारे रांधलेलं. रांधणारं माणूस पाचव्या कलमात डोकावतं, तेही खाणाऱ्याच्या चोचल्यांचा पुरावा म्हणून. ज्या हातांनी ते रांधलं, त्यांचं त्या वेळात काय झालं, हे कुणी विचारत नाही.

ते पाहायचं तर परत ओट्यापाशी यायला हवं. एक्लेअरच्या पिठाला फ्रेंच लोक ‘शू’ म्हणतात, पण मराठी घरात त्याची ओळख करून द्यायची तर एक शब्द पुरेसा आहे: उकड. उकडीच्या मोदकांसाठी उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी एकदम घालून घोटतात, तसंच इथे उकळत्या पाण्यात आणि लोण्यात मैदा एकदम घालतात. शास्त्रही एकच. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि गार पाण्यात कधीच शोषलं नसतं इतकं पाणी धरून ठेवतो. मोदकाच्या उकडीत त्यामुळे पारी न चिरता वळते. शूमध्ये ते धरून ठेवलेलं पाणी ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास वाफ होऊन पिठाला आतून फुगवतं, अंड्यांमधली प्रथिनं त्या फुगलेल्या भिंती घट्ट करतात आणि मधे पोकळी उरते. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, ते यासाठीच. भिंती घट्ट होण्याआधी गार हवा लागली की वाफ निवते आणि सगळा डोलारा खाली येतो.

किती अंडी घालायची याचा नेमका आकडा कुठलीच कृती देऊ शकत नाही. साधारण १५० ग्रॅम मैद्याला चार अंडी म्हणतात, पण उकड किती वेळ परतली, त्यातलं किती पाणी उडून गेलं, अंडी केवढी होती, यावर सगळं ठरतं. शेवटचं अंडं फेटून चमच्याचमच्यानं घालायचं आणि उलथन्यावरून पीठ सोडून पाहायचं. ते जाड पट्टीसारखं संथ ओघळलं आणि उलथन्याला त्रिकोणी टोक लोंबत राहिलं, की थांबायचं. ही खूण पुस्तकात वाचून कळत नाही. दोन-तीन वेळा चुकल्यावर हाताला कळते.

आतल्या क्रीमचंही तसंच. बलकात गरम दूध भसकन ओतलं की अंडं शिजून त्याच्या गाठी होतात, म्हणून आधी थोडं थोडं दूध घालून बलक कोमट करून घ्यायचे. मग सगळं एकत्र चुलीवर ठेवायचं, आणि दाट झालं म्हणून लगेच उतरवायचं नाही. बुडबुडे येऊ लागल्यावर मिनिटभर तरी ढवळत उकळू द्यायचं. पिवळ्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते उष्णतेनं निकामी झालं नाही तर रात्रभरात स्टार्चचे तुकडे करतं, आणि काल चमचा उभा राहील असं दाट असलेलं क्रीम सकाळी पातळ झालेलं दिसतं. शिकणाऱ्या कित्येकांना आपलं नेमकं काय चुकलं तेच कळत नाही. चुकलेलं असतं फक्त ते एक मिनिट.

या चार तासांत जीभ कुठे असते? करून पाहिलेलं कुणीही सांगेल की ती जवळजवळ गैरहजर असते. डोळे पिठाच्या पट्टीकडे, कान पातेल्यातल्या बुडबुड्यांकडे, मनगट ढवळण्यात. ऑगस्टीन ज्या ओढीला घाबरत होता, ती या वेळात आपोआप मागे पडते. एसावला आमटीचा वास आला आणि पुढचं काही दिसेनासं झालं. शू करणाऱ्याला वास येतो तेव्हा तो भाजण्याचा अंदाज घेत असतो. निगुती हे खादाडपणाचं एक रूप आहे, हे ग्रेगरीचं म्हणणं खाणाऱ्यापुरतं खरं असेल. करणाऱ्याच्या बाबतीत निगुती ही हावेची नेमकी उलट बाजू आहे, कारण हाव वाट पाहत नाही आणि शूला वाट पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

महाराष्ट्राला हा हात आणि जीभ यांमधला वेगळेपणा नवा नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ अंदाजानं, गूळ अंदाजानं, वासही मुद्दाम घ्यायचा नाही. गणपतीचे एकवीस मोदक वळणारी बाई सारणाची गोडी रंगावरून आणि चिकटपणावरून ओळखते. चव शेवटी येते, तीही प्रसाद म्हणून, सगळ्यांच्या बरोबर. मोदकाहून निगुतीचा पदार्थ शोधून सापडणार नाही आणि तो देवापुढे ठेवायचा आहे. ग्रेगरीच्या पाचव्या कलमाला या ओट्यावरून दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते कुठल्याही ग्रंथाइतकं विचारपूर्वक दिलेलं आहे.

ख्रिस्ती जगातही हे उत्तर मिळालं, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी: मठांमध्ये. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांच्या बलकांचे इतके पदार्थ झाले की त्यांना ‘मठातली मिठाई’ असं स्वतंत्र नाव पडलं. अंड्यातलं पांढरं कपड्यांना खळ करायला जाई आणि बलक उरत, असं त्याचं कारण सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघांचे मठ बंद केले. लिस्बनमधल्या बेलें इथल्या जेरोनिमोस मठाची कस्टर्ड भरलेली टार्ट १८३७ पासून शेजारच्या दुकानात विकली जाऊ लागली, ती आजही तिथेच मिळते. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका मठाशी बेबिंकाचं नाव जोडलेलं आहे. तिथल्या बेबियाना नावाच्या जोगिणीनं ती पहिल्यांदा केली अशी आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. एकेक थर घालायचा, वरून भाजायचा, मग पुढचा थर. बेबिंकेला लागणारा धीर शूला लागणाऱ्या धीराहून कमी नाही.

वर्षातले चाळीस दिवस तर चर्चनं लोणी, दूध आणि अंडी यांवरच बंदी घातली होती. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात हे सगळं वर्ज्य. त्यातून पैसे भरून सूट घेण्याची सोय निघाली. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या कॅथीड्रलचा एक मनोरा १४८५ मध्ये बांधायला घेतला. उपवासात लोणी खाण्याच्या परवान्यांचा पैसा त्यात गेला असं मानतात, आणि आजही त्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. १५२० मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं जे आक्षेप मांडले त्यांत लोण्याच्या या परवान्यांचा समावेश होता. उपवासाच्या आदल्या दिवशी घरातलं दूध-लोणी संपवण्याची रीत मात्र टिकली. स्वीडननं रोमशी नातं तोडलं, उपवासकाळ सोडला, पण त्याच्या आदल्या मंगळवारचा ‘सेम्ला’ हा पाव सोडला नाही, आणि पुढे त्यात बदामाचा लगदा आणि क्रीमही आलं. श्रावणाच्या तोंडावर गटारी साजरी करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इटलीत तर १९ मार्चला, ऐन उपवासकाळात, संत जोसेफच्या सणाला शूच्याच पिठाचे तळलेले, कस्टर्डनं भरलेले ‘झेप्पोले’ खातात. कडक नियमाच्या मधोमध ठेवलेली ती एक खिडकीच आहे.

या सगळ्या वर्ज्यावर्ज्यात एकच उदाहरण असं आहे ज्यात सोडण्याचं कारण स्वतःच्या आत्म्यापलीकडचं होतं. १७९१-९२ मध्ये ब्रिटनमध्ये कित्येक कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वापरणं बंद केलं, कारण ती गुलामांच्या मेहनतीची होती. गुलामगिरीविरोधी चळवळीतला थॉमस क्लार्कसन यानं अशा लोकांची संख्या सुमारे तीन लाख धरली होती. इथे गोड खाणाऱ्यांनी ते पिकवणाऱ्यांकडे पाहिलं. ग्रेगरीच्या यादीत जे सहावं कलम नव्हतं, ते या लोकांनी कृतीनं लिहिलं: हे कुणी केलं, आणि कोणत्या परिस्थितीत?

हा प्रश्न एकदा मनात आला की मठातल्या मिठाईकडेही तितक्या भाबडेपणानं पाहता येत नाही. सिसिलीच्या पश्चिम टोकाला, त्रापानी शहराच्या डोक्यावर, एरिचे नावाचं डोंगरावरचं जुनं गाव आहे. तिथल्या सान कार्लोच्या मठात अनाथ आणि गरीब मुली ठेवून घेत. मारिया ग्रामाटिको ही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, वयाच्या अकराव्या वर्षी, तिथे आली. वडील गेले होते, घरात खाणारी तोंडं बरीच होती. मठ बदामाची मिठाई करून विकत असे, आणि त्या मिळकतीवर चाले. मुलींनी पहाटेपासून राबायचं, बदाम फोडायचे, कुटायचे. कष्ट भरपूर आणि खाणं बेताचं. कृती कुणी शिकवत नसे, ती मठाची गुपितं होती. मारियानं त्या काम करता करता नजरेनं टिपल्या. विशीत बाहेर पडल्यावर तिनं एरिचेतच दुकान काढलं. तिची कहाणी आणि कृती १९९४ मध्ये मेरी टेलर सिमेतीच्या ‘बिटर आल्मंड्स’ या इंग्रजी पुस्तकात आल्या. कडू बदाम हे नाव उगाच दिलेलं नाही.

त्या मुली दिवसभर साखरेत हात घालून होत्या आणि ती चाखत नव्हत्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे अस्वादाचं व्रत वाटेल. पण व्रत घेणारा माणूस नाही म्हणू शकतो, तेव्हाच ते व्रत असतं. या मुलींना नाही म्हणायची मुभा नव्हती आणि हो म्हणायचीही.

महाराष्ट्राला यासाठी सिसिलीपर्यंत जावं लागत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरांतली सोवळी विधवा आठवावी. केस काढलेली, आलवणात, पहाटे ओलेत्यानं चूल पेटवणारी. सणाला पन्नास पानांचं पुरण तिच्या हातचं, श्राद्धाचा स्वयंपाक तिच्या हातचा, निगुतीसाठी सगळ्या आळीत नाव तिचं. ती स्वतः एकभुक्त राही, आणि पानातलं गोडधोड तिच्यासाठी नव्हतं. तिच्या हातांना पवित्र मानलं आणि तिच्या जिभेला अपवित्र. नैवेद्य न चाखण्यातलं सौंदर्य वर सांगितलं, ते खरं आहे. पण तेच न चाखणं आयुष्यभराचं झालं आणि दुसऱ्यानं लादलं, तेव्हा त्यात देव राहिला नाही, हेही तितकंच खरं आहे. हात आणि जीभ वेगळी करण्याची ताकद ज्या परंपरांनी ओळखली, त्यांनीच तिचा असा वापर केला. हे विसरून वैराग्याचं कौतुक करणं म्हणजे त्या बायकांवर पुन्हा एकदा अन्याय करणं आहे.

घरी एक्लेअर शिकणारी आजची बाई, किंवा बाप्या, या इतिहासाच्या पुढच्या टोकाला उभे आहेत. त्यांच्यावर कुणाची सक्ती नाही. साखर कुठून आली हे ते विचारू शकतात. श्रावणात अंडं नको म्हणून महिनाभर ओव्हन बंद ठेवणारी कितीतरी घरं आहेत. तोही त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. अंड्याशिवाय शू करून पाहणारेही आहेत आणि त्यांना ते अवघड जातं, कारण भिंती घट्ट करणारी प्रथिनंच निघून जातात. चार तासांत हाव मागे सारून निगुतीत बुडण्याचं सुख त्यांना मिळतं, आणि शेवटी ताटलीपाशी बसायचा हक्कही त्यांचाच असतो. गांधी इथेही मापाची आठवण करून देतील. ते ऐकायला हवं. एक नग पुरेसा आहे, हे तर चार तास राबलेल्या माणसाला कुणी सांगावंही लागत नाही.

शूच्या कृतीत एक पायरी अशी आहे जी मोदकांच्या कृतीत नाही. रंग छान आला, वीस-पंचवीस मिनिटं झाली, तरी आतली भिंत ओली असू शकते, आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत सगळ्या कांड्या मऊ पडतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हमखास. म्हणून ट्रेमधली एक कांडी उचलून मधोमध तोडावीच लागते. आत पिवळसर ओले धागे दिसले, की बाकीच्यांना बाजूनं एकेक भोक पाडून वाफेला वाट द्यायची आणि आच कमी करून ट्रे आणखी सात-आठ मिनिटं आत ढकलायचा. तोडलेली कांडी कुणाच्या ताटलीत जात नाही. ती ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्याच्या कडेला लागलेल्या क्रीममध्ये बुडवून, पाहुणे यायच्या आत खाल्ली जाते. ती केली तिनंच खायची असते.